सरलं, आटलं, वाढलं

इंग्रजीत एक्झॉस्ट नावाचं एक क्रियापद आहे. लातूर जिल्ह्यातल्या देवणी, वलांडी, बोरोळ या पट्ट्यातल्या पोरांची त्याच्याशी तीन ठिकाणी गाठ पडते. एक असतं मोटारसायकलच्या मागं, त्यातून धूर आणि फटफट बाहेर पडते. दुसरं असतं स्वयंपाकघराच्या भिंतीत, आपल्या फोडणीचा ठसका शेजाऱ्याच्या घरात पोचवायला. आणि तिसरं असतं परीक्षेच्या गाइडात. तिथं त्याचा अर्थ दोनच शब्दांत उरकलेला असतो : थकणे, संपवणे. लातूर पॅटर्नच्या अभ्यासाचं वारं इथवर पोचलेलं असल्यामुळं हे तिसरं सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळं शिकवणीत 'वी हॅव एक्झॉस्टेड अवर वॉटर रिसोर्सेस' या वाक्याचं मराठी विचारलं, की मागच्या बाकावरून खणखणीत उत्तर येतं : 'आमचे जलस्रोत थकले आहेत.'

सर हसतात, पुढचा बाक हसतो. मला मात्र त्या पोराची बाजू घ्यावीशी वाटते. थकण्याचा आपल्याकडचा रिवाज त्याला बरोबर कळलेला आहे. आपल्याकडं माणसं फारशी थकत नाहीत. माणूस दिवसभर सोयाबीनच्या रानात वाकून संध्याकाळी घरी येतो तेव्हा तो 'जरा दमलेला' असतो. त्याचं वीजबिल मात्र कपाटात नुसतं बसून थकतं. हप्ता थकतो, घरपट्टी थकते, सोसायटीचं कर्ज थकतं. जी वस्तू काहीच काम करत नाही ती आपल्याकडं सगळ्यात आधी थकते. मग जलस्रोतांनी काय घोडं मारलंय?

तरी त्याच्या भाषांतरात एक गडबड झालीच, आणि ती ना सरांच्या ध्यानात आली ना त्याच्या. इंग्रजी वाक्यात सुरुवातीलाच 'वी' उभा होता. पाणी संपवणारे आम्ही, असं ते वाक्य पहिल्याच शब्दात कबूल करून मोकळं होत होतं. मराठीत आल्याबरोबर तो 'वी' पसार झाला. स्रोत आमचेच राहिले, पण थकण्याचं काम त्यांनी आपापलं उरकलं.

आपल्या बोलीत प्रत्येक वस्तूची संपण्याची रीत ठरलेली आहे. तेल सरतं, पीठ सरतं, दिवस सरतात. विहीर आटते, नदी कोरडी पडते, पैसा उडतो, जमिनीचा कस जातो, बैल बसतो, दम उखडतो, भाव पडतो. ही यादी सावकाश पुन्हा वाचून पाहा. कुठंही कुणाचा हात लागलेला नाही. तेल कढईत कुणी ओतलं नव्हतं, ते सरलं. पैसा उडाला, आणि कोणत्या दिशेनं ते घरच्यांनी विचारू नये. व्याकरणात अशा क्रियापदांना अकर्मक म्हणतात. गावात याला अब्रू म्हणतात.

सकर्मक 'संपवणं' आपल्याकडं नाही असं नाही, पण ते भांडणात काढायचं हत्यार आहे. 'समदं लोणचं तूच संपवलीस की गं!' या वाक्यात ते आपलं तेज दाखवतं. 'तू' आणि 'त्यानं' यांच्याशी त्याचं छान जमतं. 'मी' दिसला की ते रस्ता बदलतं. 'मी संपवलं' हे शब्द अभिमानानं ऐकायचे असतील तर जिलबीची पैज जिंकलेल्या माणसाच्या शेजारी बसायला हवं.

घरात तर संपण्याचं नावच काढायची सोय नाही. जुन्या बायका मीठ संपलं म्हणत नाहीत, मीठ 'वाढलं' म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. रात्री शटर ओढणारा दुकानदार दुकान बंद करत नाही, दुकान वाढवतो. 'संपलं' हा शब्द घरातल्या लक्ष्मीच्या कानावर गेला तर ती तेवढंच निमित्त करून निघून जाईल, ही त्यामागची धास्ती. या हिशेबानं पाहिलं तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरांत जी वाढ होते ती कुठल्याही देशाच्या अर्थमंत्र्याला स्वप्नातही दिसणार नाही. तांदूळ वाढले, साखर वाढली, चहापत्ती वाढली आणि पगाराला अजून पाच दिवस आहेत.

शहरात शिकून आलेल्या पोराला किराणा दुकानात बसवलं की या वाढीचे हाल होतात.

'काय पायजे, मावशी?'

'मीठ वाढलंय, बाबा.'

'किती वाढलंय?'

'समदंच वाढलंय की.'

'मग अजून कशाला न्यायलालाव?'

मावशींनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की गल्ल्यावरून मालकाला उठून यावं लागलं. मालकानं मीठ दिलं, वर मूठभर फुटाणे दिले, आणि पोराला आत गोदामात पाठवलं.

बाहेरच्या राज्यातून बदलून आलेल्या बँकेच्या एका साहेबांचीही गोष्ट सांगतात. कर्ज दिलेल्या दुकानाची पाहणी करायला ते पोचले तेव्हा दिवस मावळला होता आणि दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या पानवाल्यानं अदबीनं सांगितलं, 'त्यांनी आत्ताच दुकान वाढवलं की, साहेब.' साहेब मराठी मन लावून शिकले होते. त्यांनी समाधानानं वहीत लिहिलं : व्यवसायाची वाढ दिसून आली. ही गोष्ट खरी असेलच असं नाही. ज्यानं मला ती सांगितली त्यालाही वाढवायची सवय आहे.

लग्नाच्या पंगतीत आणखी निराळी तऱ्हा. तिथं भाजी संपत नाही, वाढतही नाही, ती 'कमी पडते'. मुलीच्या बापाच्या कानाशी लागून आचारी हे दोन शब्द बोलतो तेव्हा त्या माणसाचा चेहरा पाहवत नाही. मग वरणात पाण्याची घागर जाते आणि वाढप्यांना पळी बुडवायची नवी पद्धत समजावली जाते. तिसऱ्या पंगतीला बसणाऱ्यानं वरणात डाळ शोधू नये, एवढं शहाणपण या भागात सगळ्यांना असतं.

पण संपण्याच्या क्रियापदांची खरी शाळा गोठ्यात भरते. देवणी म्हटलं की लोकांना गावाच्या आधी जनावर आठवतं, आणि देवणीकरांनाही त्याचं वाईट वाटत नाही. लोंबते कान, फुगीर कपाळ, काळ्यापांढऱ्या अंगाची ही जात. तिच्यातही तीन घराणी. तोंडाच्या बाजू काळ्या असलेला तो वानेरा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके वाटेल तसे उधळलेला तो शेवरा, आणि अंगानं पांढरा तो बालंक्या. गाय दूध देते, खोंड रान ओढतो, म्हणून ही जात दुहेरी कामाची. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात हिचे सौदे रुमालाखाली, बोटं दाबून होतात. सौदा जमवणाऱ्या हेड्याचं आणि गिऱ्हाइकाचं तोंड पाहून लाखाचा आकडा चाललाय की पोरांच्या परीक्षेचा विषय, काही कळत नाही.

गाय गाभण असली की विण्याच्या सुमारे दोन महिने आधी तिला आटवावं लागतं. खुराक कमी करायचा, धारा हळूहळू बंद करायच्या. कासेला विसावा मिळाला की पुढच्या वेताला दूध चांगलं उतरतं. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात हे पुस्तकातून शिकवतात, आणि ज्यांनी ते महाविद्यालय कधी पाहिलं नाही त्या म्हाताऱ्यांनाही हे ठाऊक असतं. तर इथं, या एका जागी, आमचा माणूस ताठ मानेनं सकर्मक बोलतो. 'म्या गाय आटवलाव.' कर्ता हजर, कर्म हजर, छाती पुढं. ही गाय पुन्हा भरणार याची त्याला खात्री असते, म्हणून आटवल्याची कबुली द्यायला त्याला काही वाटत नाही. बासुंदीसाठी दूध आटवणारी बाईही अशीच उघड सांगते. लेकराच्या शिक्षणासाठी रक्त आटवलं, हेही बाप चारचौघांत बोलतो.

'म्या विहीर आटवलाव' असं म्हणणारा मात्र अजून जन्माला यायचा आहे. विहीर आटते. आटवली जात नाही. गायीला दोन महिन्यांची रजा देणारा हाच माणूस विहिरीला रात्रीची झोपसुद्धा देत नाही. शेतीची लाइट रात्री कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून मोटारीला ऑटो बसवलेला असतो. वीज आली की मोटार आपली आपण चालू होते, पाणी आपलं आपण वर चढतं, विहीर आपली आपण आटते. आणि घरधनी त्या वेळी अंगणात बाजेवर घोरत होता, याला सगळी गल्ली साक्षीदार.

ऊसवाल्यांनी तर कर्त्याचा प्रश्न कायमचा निकालात काढला आहे. पाणी कुठं गेलं? उसानं पिलं. पाण्यावर चर्चा सुरू झाली की आरोपीच्या पिंजऱ्यात ऊस एकटाच उभा असतो. तो तिथं कसा आला ते कुणी विचारत नाही. ऊस लावण्याला आपल्याकडं शब्दच असा आहे की लावणारा सुटलाच पाहिजे : उसाची 'लागण' होते. साथीच्या रोगाचीही लागणच होते. दोन्हींत दोष वाऱ्याचा.

विहीर आटली की बोर. विहिरीत वाकून बघता तरी येतं, बोरच्या सहा-सात इंची भोकात फक्त खडा टाकून कान लावता येतो. त्यामुळं आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरतो आणि जिथं नारळ उभा राहील तिथं चुना टाकतो. मग रात्री गाडी येते. ही गाडी बहुतेक वेळा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेकडची, तिकडून तिनं निम्मा देश भोकं पाडत पालथा घातलेला असतो. गाडीवरच्या पोरांना मराठी येत नाही, शेतकऱ्याला तमिळ येत नाही. दोघांमध्ये एकच भाषा चालते, फुटाची. बोट वर करून 'तीनशे' म्हणायचं, मान डोलवायची, पुढं 'चारशे'. धुराळा उडत राहिला की घरच्या बायका देवाचं नाव घेतात. चिखल उडाला की पोरं नाचतात.

राज्याचा भूजलाचा कायदा 2009 सालचा आहे. शेती-उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल नवी विहीर किंवा बोर घेऊ नये असं त्यात म्हटलं आहे. 60 मीटर म्हणजे जवळजवळ 200 फूट. आमच्याकडं 200 फुटांपर्यंत गाडीवाल्या पोरांचा चहासुद्धा पिऊन होत नाही. या मुलखाच्या खाली काळा बेसाल्ट आहे. वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत काय पाणी मुरतं तेवढंच, त्याच्या खालचा पाषाण पाणी धरत नाही आणि एखाद्या खोल भेगेत सापडलंच तर उपसल्यावर ती भरायला पिढ्या लागतात. दगडाला हे माहीत आहे. पण विचारतो कोण, आपण तर नारळाला विचारलेलं असतं.

सातशे फुटांवर गाडी थांबते, हिशेब होतो, आणि सकाळी गावात बातमी फिरते : बोर फेल गेला. इथंही पाहा, फेल जातो तो बोर. घेणारा, दाखवणारा, पाडणारा, सगळे पास.

ज्याला पाणी लागलं त्याचंही सुख फार दिवसांचं नसतं. मार्च उजाडला की बोर गुळण्या टाकायला लागतो, दोन मिनिटं पाणी आणि पाच मिनिटं हवा. नेमक्या याच वेळी इतके महिने दडून बसलेला कर्ता अचानक सापडतो. तो असतो बांधाच्या पलीकडं. 'त्येनं सहाशे फूट घेतला अन् आमचं पाणी वडून घेतला.' बांधाच्या पलीकडं जाऊन विचारलं तर तिथून बोट आणखी वरल्या अंगाला, आठशे फूटवाल्याकडं. असा हा कर्ता बांधाबांधानं सरकत शिवेवर पोचतो, शीव ओलांडतो, आणि शेवटी परराज्यात जातो.

परराज्य इथून लांब नाही. भालकी, बीदर हा आमचा शेजार. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर-निलंग्याकडचा हा सगळा मुलूख बीदर जिल्ह्यातच होता, त्यामुळं सोयरीक, देव आणि शिव्या यांची सरहद्द अजून नीट आखलेली नाही. काही संपलं हे सांगायला इथं भाषाही भरपूर. उर्दूवाला 'खतम' म्हणतो, टपरीवाला 'खलास' म्हणतो, कानडीत काम आटोपलं की 'मुगीतु' आणि वस्तू संपली की 'खाली आय्तु'. हा 'खाली' मोठा घातकी शब्द आहे. भालकीकडचा एक पाहुणा आपल्या देवणीच्या सोयऱ्याकडं आला आणि सुस्कारा टाकून म्हणाला, 'नीरु खाली आय्तु.' त्याला म्हणायचं होतं, आमच्याकडचं पाणी संपलं. सोयऱ्याला नीरु कळलं, आय्तुवर तो थांबला नाही, आणि 'खाली' तर आपलाच शब्द. पाणी खाली आहे! त्यानं दुसऱ्या दिवशी गाडी बोलावली. साडेसातशे फुटांवर त्याला कानडी आली.

या सगळ्या क्रियापदांचा मोठा मेळावा भरला तो 2016 सालच्या उन्हाळ्यात. लातूर शहर मांजरा धरणावर पितं. धरणात दोन प्रकारचं पाणी असतं, एक उपयुक्त साठा आणि दुसरा मृतसाठा. मांजराचा मृतसाठा 47.13 दलघमी. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, पण असं फोडून सांगायची गरज लातूरबाहेर पडते. आमच्याकडं हा शब्द लेकरांना पाढ्यांच्या आधी येतो. दारांच्या पातळीखाली राहिलेलं, सहजासहजी बाहेर न येणारं पाणी ते मृत. म्हणजे कागदावर आधी पाणी मरतं, मग लातूरकर ते पितात आणि जिवंत राहतात. त्या वर्षी मृतानंही हात टेकले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ कलम 144 लागू झालं. पाण्याभोवती पाचाहून जास्त माणसं जमली तर गुन्हा, आणि पाणी एकट्या माणसाला मिळण्याइतकंही नाही, अशी चोख व्यवस्था.

मग 11 एप्रिलला मिरजेहून आगगाडी निघाली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी, जवळजवळ 340 किलोमीटरची वाट. दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोचली. कृष्णेचं पाणी मांजराच्या गावाला रेल्वेनं आलं, 'जलदूत' असं तिचं नाव झालं, आणि देशभरची वर्तमानपत्रं लातूरचं स्पेलिंग शिकली. पुढं वाघिणी पन्नास झाल्या. या गाडीनं व्याकरणाचा एक नियम मला पक्का समजावला. लातूरचं पाणी कुणी संपवलं, या वाक्याला इतकी वर्षं कर्ता मिळत नव्हता. लातूरला पाणी कुणी आणलं, या वाक्याला एका रात्रीत इतके कर्ते मिळाले की फलकांवर फोटो मावेनात. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा भरलं. तेव्हा मात्र कर्ता एकच होता आणि त्याला फलक लावता येत नव्हता.

सरकारी मराठीत तर यासाठी खास शब्द आहे, 'संपुष्टात येणे'. संपुष्ट म्हणजे मुळात देव ठेवायची झाकणाची पेटी. करार संपुष्टात येतो, मुदत संपुष्टात येते, जलस्रोत संपुष्टात येतो. सगळे गुपचूप पेटीत येऊन बसतात आणि झाकण वरून पडतं. कुणी टाकलं, याची टिपणी फाइलीत नसते.

'संपवा' असा खडा, सकर्मक, आज्ञार्थी हुकूम सरकारात वर्षातून एकदाच निघतो, 31 मार्चच्या आधी. निधी संपवा! इथं मात्र उलटाच चमत्कार. जे जपून वापरायचं ते पाणी जानेवारीतच आटतं, आणि जो संपवायचा तो निधी मार्च आला तरी आटत नाही. आधी तो 'अखर्चित' असतो, वेळेत नाही संपला तर 'व्यपगत' होतो. व्यपगत होणं हे खात्यात मरणाहून वाईट समजतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात भिंतींना रंग लागतो, खुर्च्यांवर खुर्च्या येतात, पाणी नसलेल्या हौदाला नवे नळ बसतात. 1 एप्रिलला मोठ्या समाधानानं कळवलं जातं की निधी शंभर टक्के खर्ची पडला. संपवायचा हुकूम इतका स्पष्ट होता, पण संपल्यावर तोही बिचारा आपला आपण पडला.

तरुण पोरांना मात्र हा पडणं-आटणं प्रकार मंजूर नाही. 'दुपारपतुर दीड जीबी मारून टाकलाव' असं ती छातीठोक सांगतात. त्यांच्या मोबाइलच्या डेटाची विहीर रोज रात्री बारा वाजता काठोकाठ भरते, ना पाणाड्या लागतो ना पाऊस. अशी विहीर असती तर त्यांचा आजाही सकर्मकच बोलला असता.

एक वाक्य राहिलं. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत ते आतल्या पानावर, एका रकान्यात येतं : 'शेतकऱ्याने जीवन संपवले.' विहीर आटली, बोर फेल गेला, पीक गेलं, भाव पडला, हप्ता थकला, या कुठल्याच वाक्याला आम्हांला कर्ता सापडला नव्हता. शेवटच्या वाक्याला मात्र तो नावगावासकट सापडतो. पुढं जाऊ.

टँकर मागायचा म्हणजे आधी प्रस्ताव करावा लागतो. गावातले स्रोत कोरडे पडल्याचा दाखला, जवळपास अधिग्रहण करण्याजोगा खासगी बोर नसल्याचा दाखला, लोकसंख्या, जनावरं, आणि मग साहेबलोकांची संयुक्त पाहणी. अशा एका पाहणीच्या दिवशी मी देवणी तालुक्यातल्या एका गावच्या पारावर होतो. साहेब विहिरीत डोकावून आले, बोरच्या भोकात खडा टाकून आले, आणि चहा आला. कागद भरून घेणाऱ्यानं, घाईत आणि आपल्याच अकलेनं, एक रकाना आखला होता : स्रोत कोरडा पडण्यास कारणीभूत कोण.

बस्स, पार जागा झाला.

'ल्ह्या साहेब, वरल्या वस्तीवाल्यायनं बारा बोर पाडल्यात.'

'आन् तुमच्या रानात काय नारळाची झाडं हायत व्हय? तुमचे पाच कुठं गेले?'

'ऊस कुणाचा हाय तेवढं ल्ह्या.'

'ऊस मामाचा हाय, मामा पुण्याला ऱ्हातेत.'

'पावसाचं नाव घाला ना, मोकळं व्हा.'

अर्धा तास हे चाललं. दोन भावक्या उठून उभ्या राहिल्या, एक भावकी चहा न घेता निघून गेली. शेवटी साहेबांनी घड्याळ पाहिलं, पेन हातात घेतलं आणि त्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत एकच शब्द लिहिला. मग कायद्याप्रमाणं सगळा कागद गावकऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

'स्रोत कोरडा पडण्यास कारणीभूत : निरंक.'

पार शांत झाला. कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तंबाखूची पिचकारी टाकली आणि शेजारच्याला विचारलं, 'ह्यो निरंक कुणाच्या भावकीतला रं?'

शेजारच्यानं थोडा विचार केला. 'आपल्या गावचा न्हाई, आबा,' तो म्हणाला, 'शेजारच्या गावचा असंल.'